एका ग्रॅमहून कमी चरबी

नवी दिल्लीत अन्सारी नगरला, एम्सच्या आवारात, एक विलक्षण वर्ग भरत असे. शरीरक्रियाशास्त्र विभागातले डॉ. रमेश बिजलानी आणि त्यांचे सहकारी तो चालवत. दर एक आठवडा सोडून नवी तुकडी. कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाच्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद झालेल्या. कुणालाही खाटेवर दाखल करून घेत नसत. सगळे घरून यायचे आणि घरी जायचे. वर्गात आसनं, प्राणायाम, शरीर सैल सोडण्याचा सराव असायचा. काय खावं यावर व्याख्यानं, काही चित्रफिती, आपल्या आजाराची साध्या भाषेत ओळख, एकत्र बसून गप्पा आणि प्रत्येकाला त्याच्यापुरता सल्लाही. अभ्यासक्रम आठ दिवसांचा. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी रक्त तपासलं जाई.

२००५ साली या गटाने ९८ जणांचे आकडे प्रसिद्ध केले. उपाशीपोटीची साखर उतरली होती. वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड घटली होती, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. ज्यांची साखर मुळात चढलेली होती, त्यांच्यात हा बदल अधिक ठळक होता.

इतक्या थोड्या दिवसांत! एवढ्या अवधीत माणूस बारीक होऊन होऊन किती होणार? एखादा किलो, फार तर दोन. आरशात काही दिसत नाही, पट्ट्याचं भोकही बदलत नाही. मग रक्तातली साखर कशामुळे खाली आली?

एम्सच्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि शरीराच्या आत डोकावून पाहण्यासाठी तो केलेलाही नव्हता. ते डोकावणं झालं इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात. प्रा. रॉय टेलर यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरींचा आहार दिला आणि मधूनमधून त्यांना एमआरआयखाली झोपवून यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी मोजली. २०११ मध्ये निकाल आले.

पहिल्या सात दिवसांतच त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ वर आली. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी आधीच थांबवल्या होत्या, म्हणजे हे श्रेय औषधाचं नाही. त्याच सात दिवसांत यकृतातली चरबी तीस टक्क्यांनी कमी झाली होती.

कोडं इथे सुटायला लागतं. सकाळी उठल्यावर, काहीही न खाता रक्तात जी साखर सापडते ती आली कुठून? रात्रभर ती आपलं यकृतच तयार करून सोडत असतं. आपण झोपेत असताना मेंदूला साखर लागते, म्हणून ही सोय. किती सोडायची आणि केव्हा थांबायचं, हे इन्सुलिन सांगतं. पण यकृतात चरबी साचली की त्याला इन्सुलिनची सूचना नीट पोहोचत नाही आणि ते साखर ओततच राहतं. खाणं कमी केल्यावर शरीर चरबी मोडायला काढतं, आणि नवल असं की सगळ्यात आधी हात घालतं तो यकृतातल्याच साठ्याला. काटा थोडाच उतरलेला असतो, पण तेवढ्यात यकृत पुन्हा ऐकू लागलेलं असतं.

न्यूकॅसलच्या प्रयोगात पुढचे सात आठवडे स्वादुपिंडाचे होते. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी तिथे असतात. जेवणाचा पहिला घास पोटात गेला की निरोगी माणसात इन्सुलिनचा एक झटपट हप्ता सुटतो. मधुमेहात तो हप्ताच नाहीसा होतो. कित्येक दशकं असंच मानलं गेलं की या पेशी मरतात आणि मेलेलं परत येत नाही. आठव्या आठवड्यात टेलर यांच्या रुग्णांमध्ये तो पहिला हप्ता परत आला! पेशी मेल्या नव्हत्या, चरबीच्या माऱ्यात काम विसरल्या होत्या.

आणि त्यासाठी स्वादुपिंडातून किती चरबी जावी लागली? नंतरच्या एका अभ्यासात याच गटाने ते मोजलं. सुमारे ०.६ ग्रॅम. किलो नव्हे, ग्रॅम. अख्ख्या शरीरातून कित्येक किलो उतरतात तेव्हा त्या एका अवयवातून एका ग्रॅमहूनही कमी चरबी निघते, आणि तेवढ्याने माणसाच्या माथ्यावरचा जन्माचा समजला गेलेला आजार मागे हटू शकतो. वैद्यकातले आकडे वाचून अंगावर काटा यावा असे प्रसंग थोडे. माझ्यासाठी हा त्यातला एक आहे.

आता दुसरा प्रश्न. चरबी त्या जागी मुळात जातेच का? घरातली कोठीची खोली डोळ्यांसमोर आणा. धान्याची पोती तिथेच असायला हवीत आणि तिथे ती कुणालाही त्रास देत नाहीत. पण पोती येतच राहिली आणि कोठी भरली, तर पुढची पोती स्वयंपाकघरात, जिन्यात, देवघरात रचावी लागतात आणि घराचं चालणं मुश्किल होतं. कातडीखालची चरबी ही शरीराची कोठी. ती भरून वाहू लागली की उरलेली चरबी यकृतात आणि तिथून स्वादुपिंडात जाऊन बसते. कुणाची कोठी एवढी ऐसपैस असते की शंभर किलोलाही साखर बिघडत नाही, कुणाची सत्तरलाच भरते. प्रत्येकाची मर्यादा वेगळी.

आपली, भारतीयांची, कोठी लहान आहे. हे सिद्ध करणाऱ्या पुराव्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लांबीला कमी, स्नायूंना कमी, पोटाच्या अवयवांना कमी. मात्र पाठीवरच्या कातडीची चिमूट घेतली तर चरबी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच! किडकिडीत दिसणारं, तरीही आतून चरबी राखून असलेलं बाळ.

याच याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. शेजारी त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यापुढे दोघे सारखेच, आतला हिशेब मात्र दुपटीहून जास्त फरकाचा.

दिल्लीतली गोष्ट याहून लांबलचक आहे. १९६९ मध्ये दक्षिण दिल्लीत, लाजपतनगरच्या बाजूला, डॉक्टरांच्या एका गटाने वीस हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद केली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांना झालेल्या आठ हजारांवर बाळांना वेळोवेळी तोललं, मोजलं. तेव्हा मधुमेहाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. बाळं जन्मतात कशी आणि वाढतात कशी, एवढंच पाहायचं होतं. मग दशकं गेली. ती बाळं २६ ते ३२ वर्षांची झाली तेव्हा डॉ. संतोष भार्गव, डॉ. हर्षपाल सिंह सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या १४९२ जणांना शोधून काढून त्यांची साखर तपासली. एवढ्या तरुण वयात ४.४ टक्के जणांना मधुमेह होता आणि आणखी १०.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते.

मग जुन्या वह्या उघडल्या. ज्यांची साखर बिघडली होती ती मुलं दोन वर्षांची होईपर्यंत रोडच होती. त्यानंतर त्यांच्या अंगावर इतरांपेक्षा लवकर वजन चढू लागलं आणि वेगाने चढत राहिलं. आणि तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ म्हणावं असं नव्हतं! शाळेच्या फोटोत कुणी त्यांच्याकडे बोट दाखवून ‘याला पुढे शुगर होणार’ असं म्हणू शकलं नसतं. दिल्लीतल्या मधुमेहाच्या दवाखान्यात पन्नाशीची जी पिढी आज रांगेत बसते, ती याच मुलांच्या वयाची आहे.

म्हणूनच इथल्या डॉक्टरांना परदेशी मापं पुरेनात. जगात लठ्ठपणा बीएमआय ३० पासून मोजतात. डॉ. अनुप मिश्रा यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवलं की आपल्यासाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या आत असावी. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला ही रेघ साधारण ६३ किलोवर पडते. ‘अहो, मी तर चांगला सडपातळ आहे’ म्हणणारे कितीतरी जण त्या रेघेच्या पलीकडे निघतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्याच फोर्टिस सी-डॉक, एम्स आणि इतर तज्ज्ञांनी व्याख्या आणखी धारदार केली. वजन जादा पण अवयवांना त्रास नाही, हा पहिला टप्पा. पोट सुटलेलं आणि जोडीला मधुमेहासारखा आजार किंवा हालचालीला अडचण, हा दुसरा. या व्याख्येत कंबर आणि उंचीचं गुणोत्तरही आलं. ते घरी पाहता येतं. आपल्या उंचीएवढी दोरी घ्या, मधोमध दुमडा आणि ती अर्धी दोरी कंबरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर पोती स्वयंपाकघरापर्यंत आली असण्याचा संभव आहे.

यातली आशेची बाजू टेलर यांनीच दाखवली. फारसं वजन नसलेले, सरासरी बीएमआय २५ च्याही किंचित खाली असलेले वीस मधुमेही त्यांनी निवडले. वजनाचा सुमारे दहावा हिस्सा उतरल्यावर वीसपैकी १४ जणांचा मधुमेह माघारी गेला. ज्याची कोठी लहान, त्याची थोडी पोती काढली तरी घर मोकळं होतं. ग्लासगोमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीतही, गोऱ्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीच्या जवळपास जाणारं यश मिळालं.

ती मोठी चाचणी म्हणजे ‘डायरेक्ट’. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधले २९८ रुग्ण, सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींची तयार पेयं, मग हळूहळू नेहमीचं जेवण आणि त्यानंतर वजन टिकवण्याचं दीर्घ शिक्षण. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के जणांचा मधुमेह गोळ्यांशिवाय माघारी गेला होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. आणि शिकवणारे कोण? गल्लीतल्या दवाखान्यातल्या नर्स आणि डायटिशियन, ज्यांना त्यासाठी आठ तासांचं प्रशिक्षण मिळालं होतं. फक्त आठ तास!

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या रुग्णांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि पुढेही त्यांच्यावर लक्ष होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून आपल्या मनाने जेवण अर्ध्यावर आणलं तर साखर धोक्याइतकी खाली जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

वजन उतरवण्याच्या अशा वर्गात नेमकं काय शिकवलं जातं? ‘तळलेलं खाऊ नका’ हे ऐकायला कुणी वर्गात कशाला येईल? मुख्य धडा पाहायला शिकण्याचा आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. ‘डॉक्टर, मी काहीच खात नाही, तरी वजन हलत नाही’ असं कळकळीने सांगणारी दहा माणसं. त्यांचं खाणं नेमक्या पद्धतीने मोजलं तेव्हा दिसलं की ती सांगत होती त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होती. ती खोटं बोलत नव्हती. चहाबरोबरची मठरी, ताट उचलताना संपवलेला नातवाचा घास, फोडणीतलं दुसरं पळीभर तेल, हे कुणाच्याच मनात नोंदलं जात नाही. म्हणून अशा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात पहिलं साधन असतं वही. सुमारे सतराशे जणांच्या एका अभ्यासात, रोजचं खाणं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं. वही कॅलरी जाळत नाही, ती फक्त दाखवते!

दिल्लीच्या ताटात पाहण्यासारखं खूप आहे. हिवाळ्यात गाजर हलवा आणि गजक, लग्नसराईत चाटच्या रांगा, रविवारी छोले-भटुरे. पण खरा हिशेब रोजच्या धान्याचा. एका मध्यम फुलक्यात साधारण शंभर कॅलरी, वर चमचाभर तूप सोडलं की आणखी चाळीस-पंचेचाळीस. करोलबागेतल्या मराठी घरात पोळीनंतर भातही येतो. भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट आणि साखरेतून येतात. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतल्या अठरा हजार जणांच्या आहारावरून संशोधकांनी गणित मांडलं की नव्याने झालेला मधुमेह मागे हटवायचा तर हा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर यावा आणि प्रथिनांचा १९-२० टक्क्यांपर्यंत वाढावा. म्हणजे दोन फुलके कमी, वाटीभर घट्ट डाळ किंवा पनीर जास्त. दिल्लीच्या राजम्यालाही या हिशेबात मानाची जागा आहे, सोबतच्या भाताचा डोंगर उतरला तर.

आणि स्नायू? ताणलेला, आकसलेला स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. स्नायूतल्या पेशींच्या आत साखर वाहून नेणारी प्रथिनं दडून बसलेली असतात. व्यायामाने ती आपण होऊन पेशीच्या कडेला येतात आणि दारं उघडतात. डॉ. मिश्रा यांच्या गटाने २००८ मध्ये दिल्लीत ३० मधुमेहींकडून तीन महिने देखरेखीखाली वजनं उचलण्याचा व्यायाम करवून घेतला, आणि त्यांचं शरीर इन्सुलिनला स्पष्टपणे जास्त दाद देऊ लागलं. जन्मतःच ज्यांचे स्नायू बेताचे, त्यांच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट. दिल्लीत तर अधिकच, कारण इथे नोव्हेंबरात लोधी गार्डनला फिरायला जायचं म्हणजे धुरकट हवा छातीत भरायची. दिल्ली आणि चेन्नईतल्या बारा हजार जणांच्या पाहणीत दिसलं की हवेतले सूक्ष्म कण जिथे जास्त, तिथे मधुमेहाचा धोकाही जास्त. खिडक्या बंद करून खुर्चीतून उठबस करायला आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला हवामान आड येत नाही.

पण शरीर सहज हार मानत नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांचं वजन दहा आठवड्यांत उतरवून वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं, तर भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेलीच होती. वजन परत आलं म्हणून स्वतःला निर्धारहीन म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. अमेरिकेत ‘लुक अहेड’ या चाचणीत मधुमेह आणि जादा वजन असलेल्या ५१४५ जणांपैकी निम्म्यांना वर्षानुवर्षं असं शिक्षण दिलं. हृदयविकाराचे झटके त्याने कमी झाले नाहीत, हे कटू सत्य. पण झोपेत श्वास अडकणं कमी झालं, मूत्रपिंडं जपली गेली. आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या सोळाशे स्त्रियांसाठी एम्सच्या डॉ. निखिल टंडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत गटातल्या शिकवणीचा म्हणावा असा फरक पडला नाही. कडेवर तान्हं, पुढ्यात घरभराचा स्वयंपाक असताना वर्गाला बसायला सवड कुणाला? शिकवणी त्या बाईच्या दिवसात बसेल अशी बेतावी लागते, आणि हे काम अजून व्हायचं आहे.

चेन्नईत हे काहीसं जमलं. तिथे २००९ पासून, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५७८ जणांच्या चाचणीत अमेरिकी अभ्यासक्रम भारतीय ताटाला बेतून घेतला गेला. व्यावसायिकांच्या जोडीला सामान्य घरांतले प्रशिक्षित स्वयंसेवकही शिकवायला उभे राहिले आणि गरज पडली तिथे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची जोड दिली. तीन वर्षांत मधुमेहाचा धोका ३२ टक्क्यांनी घटला.

आणि असा धडा शरीरात टिकतो तरी किती काळ? १९८६ मध्ये चीनच्या दाचिंग या तेलनगरीत ३३ दवाखान्यांतल्या, अशाच उंबरठ्यावरच्या ५७७ जणांची चाचणी सुरू झाली. त्यांतल्या बहुतेकांना सहा वर्षं धडे मिळाले, काहींना नुसते खाण्याचे, काहींना नुसते चालण्याचे, काहींना दोन्ही. १९९२ मध्ये वर्ग संपले. पुढे कुणीही त्यांना काही शिकवलं नाही. एकूण तीस वर्षांनी त्यांची माहिती काढली तेव्हा दिसलं की वर्गात बसलेल्यांना मधुमेह न बसलेल्यांपेक्षा जवळपास चार वर्षं उशिरा झाला होता, हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आघात २६ टक्के कमी झाले होते, आणि ही माणसं सरासरी दीड वर्ष अधिक जगत होती.